मामांची गादी साडेआठलाच का पडते?

पत्र: "मावशी, नमस्कार. मी सोलापूरच्या नीलम नगरात राहते. घरात मी, मिस्टर, दोन मुलं आणि सासरे. सासऱ्यांना आम्ही मामा म्हणतो, वय ७४. पस्तीस वर्षं यंत्रमागावर काढली, त्यातली निम्मी रातपाळीत. सासूबाई जाऊन दहा महिने झाले, तेव्हापासून मामा रात्री झोपतच नाहीत. दोनला उठतात, ट्यूब लावतात, चहा करून पितात, भांडी वाजतात, मुलं जागी होतात. मेडिकलवाल्याने झोपेची अर्धी गोळी दिलीय, दोन महिने चालू आहे. पण मागच्या आठवड्यात रात्री बाथरूमला जाताना तोल गेला आणि दारावर आपटले, कपाळाला टेंगूळ आलं. आता गोळीची भीती वाटते, आणि नाही दिली तर सगळं घर जागं. मी माझ्या परीने सगळं करते, आठच्या आत जेवायला वाढते, साडेआठला गादी घालून दिवे बंद करून देते, दुपारी पण दोन तास कुणी आवाज करत नाही, तरी रात्री झोप नाही. गोळीशिवाय काही होतं का?"

होतं की. पण आधी एक सांगते, तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा वाचताना कडेला पेनाने बेरीज मांडली. साडेआठ ते दोन, साडेपाच तास. दुपारचे दोन. झाले साडेसात. शिवाय पहाटेच्या चहानंतर एखादी डुलकी, संध्याकाळी टीव्हीसमोर मान पडणं, ते तू लिहिलं नाहीस पण असणारच, मला माहितीय. ६५ च्या पुढच्या माणसाला सात ते आठ तास झोप पुरते. मग मामा झोपत नाहीत असं कसं म्हणायचं ग? झोपतायत की, पोटभर झोपतायत, फक्त तुम्ही झोपता त्या वेळेला झोपत नाहीत. साडेआठला झोपलेला माणूस दोनला उठला यात त्याचं काही चुकलं नाही.

मी डॉक्टर नाही हे आधीच सांगून ठेवते. सिस्टर म्हणून एकतीस वर्षं वॉर्डात काढली आणि त्यातल्या नाईट ड्युट्या मोजायच्या मी कधीच सोडून दिल्या, त्यामुळे रात्री दोन वाजता म्हातारी माणसं काय करतात हे मी लई बघितलंय. एक आजोबा होते, रोज सकाळच्या राउंडला डॉक्टरांना सांगायचे की रात्रभर डोळ्याला डोळा नाही, आणि मी तीनला बीपी घ्यायला जायचे तर दंडाला पट्टा बांधून फुगवला तरी घोरणं थांबायचं नाही. खोटं बोलत नव्हते बरं का. झोप हलकी असली, मधेमधे तुटली, की सकाळी जागं असलेलं तेवढंच लक्षात राहतं, झोपलेलं कुणाच्या लक्षात राहणार? म्हणून पहिलं काम म्हणजे एक वही कर. वही कशाला, कालनिर्णयच्या जुन्या पानाची पाठ चालेल. आठ-दहा दिवस रोज सकाळी मामांना विचारून लिहायचं, अंथरुणावर किती वाजता पडले, अंदाजे कधी झोप लागली, किती वेळा उठले, शेवटचं कधी उठले, आणि दुपारच्या रकान्यात तू बघून लिही, त्यांना विचारू नको, ते म्हणतील मी नुसता पडलो होतो. आणि गादीवरून दिसणारं भिंतीवरचं घड्याळ तेवढं काढून आत लाव. रात्री जाग आल्यावर काटा बघितला की माणूस हिशोब करत बसतो, आता किती राहिले, झोप कधी लागणार, आणि त्या हिशोबानेच उरलेली झोप जाते.

गोळीचं आधी बोलू, कारण टेंगूळ वाचून माझ्या पोटात गोळा आला. पाकीट बघ. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, झोल्पिडेम असलं काही नाव असेल तर ही औषधं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय द्यायचीच नसतात, आणि यातली अल्प्राझोलाम, झोल्पिडेम तर सरकारच्या शेड्यूल एच-वन नावाच्या कडक यादीत आहेत, दुकानदाराने कुणाला दिली त्याची वेगळी वहीत नोंद ठेवायची असते. आपल्याकडे किती ठेवली जाते ते तूही बघतेस. वय झालेल्या शरीरातून यातल्या बऱ्याच गोळ्या लवकर बाहेर पडत नाहीत, रात्री उठलं की पाय लटपटतात, डोकं जड, सकाळी विसरल्यासारखं होतं. वृद्धांना कुठली औषधं शक्यतो टाळावीत याची अमेरिकेतल्या डॉक्टरांची बीअर्स नावाची एक यादी आहे, त्यात ही सगळी बसलेली आहेत, आणि कारण सरळ लिहिलंय, पडणं, हाड मोडणं, भ्रम होणं. खुब्याचं हाड मोडून आलेल्या आज्या मी बघितल्यात, "रात्री बाथरूमला उठले होते" हे वाक्य इतक्या वेळा ऐकलं की केसपेपर न बघता सांगायचे. सर्दीची झोप आणणारी गोळी देतात काही जण त्याऐवजी, ती पण नको, जुन्या पद्धतीच्या त्या गोळ्यांनी लघवी अडते आणि डोकं भरकटतं.

पण म्हणून आज रात्रीपासून गोळी बंद असं करू नकोस हां. दोन महिने रोज घेतलेली गोळी एकदम तोडली तर झोप होती तेवढी पण जाते, घाबरल्यासारखं होतं, हात थरथरतात, क्वचित फिट पण येते. पाकीट घेऊन डॉक्टरकडे जा, पडल्याचं सांग, ते किती दिवसांत किती कमी करायची ते लिहून देतील आणि खाली मी सांगते ते सगळं त्याच्या बरोबरीने चालू ठेवता येतं. आणि अजून एक, मामांना रक्त पातळ करायची गोळी चालू असेल, किंवा त्या दिवसानंतर डोकं दुखतंय, जास्त गुंगी वाटतेय, बोलण्या-चालण्यात फरक पडलाय असं काही असेल तर हा लेख पुढे वाचू नको, आधी दाखवून ये. म्हाताऱ्या माणसाला डोक्याच्या साध्या माराने पण आत हळूहळू रक्त साठू शकतं आणि ते दोन-तीन आठवड्यांनी कळतं.

आता झोपेचं. वय झालं की गाढ झोप कमी होते आणि हलकी वाढते, म्हणून कुत्रं भुंकलं तरी जाग. दुसरं म्हणजे मेंदूत एक घड्याळ असतं, डोळ्यात जाणाऱ्या उजेडावर ते लावलं जातं, आणि म्हातारपणी ते पुढे पळायला लागतं, संध्याकाळी लवकर पेंग आणि पहाटे लवकर जाग. (पेशींमधलं हे घड्याळ कसं चालतं ते शोधणाऱ्या तिघांना २०१७ ला नोबेल मिळालं, म्हणजे हे काही मावशीच्या मनाचं नाही.) त्यात डोळ्याचं भिंग पिवळं पडतं, मोतीबिंदू येतो, उजेड आत कमी जातो, आणि माणूस दिवसभर खोलीत बसलेला, मग घड्याळाला कळणार कसं की दिवस कुठला आणि रात्र कुठली. मामांच्या घड्याळाची तर पाळ्यांनी आधीच वाट लावलेली, एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रातपाळी.

तिसरी गोष्ट भुकेसारखी आहे. जागं राहिलं की झोपेची भूक साठत जाते, तासातासाला. संध्याकाळी पाचला प्लेटभर भजी खाल्ल्यावर आठला भाकरी जाईल का? तसंच दुपारी दोन तास झोपून आणि साडेआठला आडवं होऊन दोनपर्यंत ती भूक भागलेली असते. त्यानंतर कितीही कूस बदलली तरी झोप येत नाही, आणि घरचे म्हणतात अजून लवकर झोपा. सगळी घरं हेच करतात ग, तू एकटी नाहीस. माणूस झोपत नाही म्हणून त्याला अजून जास्त वेळ अंथरुणात ठेवायचं. खरं तर करायचं बरोब्बर उलटं, अंथरुणातला वेळ कमी करायचा.

१९८७ ला आर्थर स्पीलमन म्हणून एका मानसशास्त्रज्ञाने ही पद्धत मांडली, आणि आज गोळीशिवायच्या उपचारात हिला मोठं स्थान आहे. अमेरिकेतल्या फिजिशियन लोकांच्या संस्थेने २०१६ ला सांगितलं की जुन्या निद्रानाशाला, वय काहीही असो, आधी असले सवयी बदलायचे उपचार द्या, गोळीचा विचार नंतर. वय झालेल्या माणसाला एकदम नाही करायचं, हळूहळू करायचं. म्हणजे या आठवड्यात गादी नऊला. पाच-सहा दिवस जमलं की साडेनऊला. मग दहा, मग साडेदहा. उठायची वेळ मात्र पहिल्या दिवसापासून एकच, पहाटे पाच म्हण, रात्र कशीही गेली तरी पाच, रविवार असो की गड्ड्याची जत्रा असो. साडेदहा ते पाच म्हणजे साडेसहा तास, दुपारची अर्ध्या तासाची डुलकी धरली की सात झाले. याच्यापेक्षा कमी करायच्या मागे लागू नको. झोप सलग लागायला लागली आणि तरी दिवसा थकलेले दिसले तर पंधरा-पंधरा मिनिटं वाढव.

पहिले दहा-पंधरा दिवस मामा चिडतील. दिवसा पेंगतील, तुला बोलतील, म्हणतील सून झोपू देत नाही, शेजारी सांगतील. ते दिवस काढावे लागतात. त्या काळात सायकल-गाडी चालवू द्यायची नाही, शिडीवर चढू द्यायचं नाही. फिट येण्याचा आजार असेल किंवा मनाच्या आजाराचं जुनं औषध चालू असेल तर हे डॉक्टरला विचारल्याशिवाय सुरू करायचं नाही.

आता खरा प्रश्न, साडेसात ते साडेदहा मामा करणार काय? पत्रात हेच कुठे दिसलं नाही मला. मामांना झोप येते म्हणून ते साडेआठला पडत नाहीत, तू गादी घालतेस म्हणून पडतात. रागावू नकोस. घर लहान, मुलांचा अभ्यास, तुझं भांडी-ओटा-उद्याचं पीठ, म्हातारं माणूस एका कोपऱ्यात पडलं की आवरायला सोपं, मी पण माझ्या सासूला असंच झोपवलंय, आणि ती पण तीनला उठून हरिपाठ म्हणायची आणि मी डोक्यावरून चादर ओढून घ्यायचे. तेव्हा मला पण हे कळत नव्हतं, नोकरीच रात्रीची असून.

तर त्या माणसाला काम दे. पस्तीस वर्षं दोन-दोन माग एकट्याने सांभाळणारे हात आहेत, तुटलेला धागा चालत्या मागावर पकडणारे, आणि आता रिकामे. शेंगा सोलायला दे, चटणीचे दाणे निवडायला दे (कुटायला देऊ नको रात्री, शेजारी माझ्या नावाने बोंब मारतील). नातवाचे पाढे घेऊ दे, नाही आले पाढे तरी घेऊ दे. कॅरम असेल तर कॅरम. जेवण आठच्या आत हे चांगलंच आहे, तेवढं बदलू नको, पण जेवल्यावर मिस्टरांनी दहा मिनिटं गल्लीत चक्कर मारून आणायची. आणि बसायचं ते सरळ पाठीच्या खुर्चीवर, ट्यूबच्या उजेडात, गादी-लोडावर नाही, नाहीतर नऊला तिथंच लवंडतील आणि पुढचं सगळं मुसळ केरात. शेवटचा अर्धा तास मग उजेड कमी.

उजेडावरनं आठवलं. सगळे सांगतात म्हाताऱ्या माणसाने पहाटे उठून फिरायला जावं. मामांना पहाटे नको. ज्यांचं घड्याळ आधीच पुढे पळतंय त्यांनी भल्या पहाटेचा उजेड डोळ्यात घेतला तर ते अजून पुढे पळतं. त्यांना पाहिजे संध्याकाळचा उजेड. पाच-साडेपाचला उन्हाचा चटका उतरला की तासभर बाहेर, कट्ट्यावर का होईना, आणि एप्रिल-मे असेल तर सहानंतर, आपल्याकडे चाळीसच्या वर पारा असताना साडेचारला कुणाला बाहेर काढू नको. रविवारी मिस्टरांनी गाडीवर बसवून सिद्धेश्वर तलावाकडे न्यायचं. चालणं झालं, उजेड झाला, चार माणसं भेटली, एका दगडात तीन. व्यायामाचं म्हणशील तर जोर-बैठका नकोत, चालणं पुरे. चीनमध्ये बागेत म्हातारी माणसं सावकाश हातपाय हलवत ताई ची करतात ना, त्याने वयस्कर लोकांची झोप सुधारते असं अभ्यासात दिसलंय. आपल्या कोटणीस डॉक्टरांचा तिकडे पुतळा आहे पण ताई ची शिकवणारा सोलापुरात मला अजून भेटला नाही, तेव्हा आपलं योगासनवाल्यांचा ज्येष्ठांचा वर्ग बघ, सावकाश घेणारा.

दुपारची झोप पूर्ण तोडायची नाही, मे महिन्यात तर पत्र्याखाली माणूस दुसरं करणार काय. पण तीनच्या आत, अर्धा तास, मोबाईलवर गजर लावून, आणि शक्यतो आरामखुर्चीत. तू "कुणी आवाज करत नाही" म्हणून लिहिलंस ना, तर करा आवाज.

आता रात्री दोन. जाग आली, पडून बघायचं, अंदाजे पंधरा-वीस मिनिटांत झोप नाही आली तर उठून दुसऱ्या जागी बसायचं, आणि डोळे मिटायला लागले की परत गादीवर. गादी म्हणजे झोप, एवढंच शरीराला शिकवायचं असतं, तिथं पडून काळजी करायची नाही, टीव्ही नाही, सुपारी कातरणं नाही. हे १९७२ पासून वापरात आहे, बूटझिन म्हणून संशोधक होते त्यांचं. पण मामा एकदा पडलेत, म्हणून मी त्यांच्यासाठी यात बदल करेन. जोपर्यंत गोळी चालू आहे आणि तोल बरा नाही तोपर्यंत उठून फिरायचं नाही, भिंतीला लोड लावून तिथंच बसायचं. जप करू दे, पण झोप यावी म्हणून नाही, नुसता करू दे, झोपेच्या मागे लागलं की ती पळते. ट्यूब नाही लावायची, झिरोचा बल्ब बाथरूमच्या वाटेवर खाली प्लगात लाव, पिवळा. वाटेतलं पायपुसणं काढ. चादरीची झालर पायात येते, सोलापुरी जाड चादर असेल तर ती अंगावरून बाजूला करूनच उठायचं, उठल्यावर काठावर मिनिटभर बसायचं, मग उभं राहायचं. तुमची गादी जमिनीवर असेल तर कॉट कर बाई, गुडघ्याएवढ्या उंचीची. जमिनीवरून अर्धवट झोपेत उठताना तोल जातो.

आणि चहा. दोनला चहा! त्यातलं कॅफिन निम्मं उतरायला पाच-सहा तास लागतात, म्हणजे पहाटेची उरलेली झोप त्या कपाबरोबर गेली. जी झोपेची भूक मी म्हटलं ना, ती मेंदूला कळूच न देणं हे कॅफिनचं काम. दुपारी दोननंतर चहा बंद. एकदम नाही ऐकणार, सोलापूरचा माणूस आहे, मग संध्याकाळचा कप अर्धा कर, मग गवती चहा-आल्याचा बिनपत्तीचा काढा. तंबाखू किंवा मिश्री असेल तर ती पण जागवणारी वस्तू आहे, रात्री तोंडात धरून झोपायची सवय असते लोकांना. आणि "थोडी घेतली की झोप लागते" म्हणणारे असतील तर, लागते, आणि दोनला बरोब्बर उतरते आणि जाग येते.

लघवीला किती वेळा उठतात ते लिही वहीत. एकदा-दोनदा या वयात असतंच. तीन-चार वेळा असेल तर शुगर बघ, प्रोस्टेट बघ, आणि बीपीच्या गोळ्यांत पाण्याची गोळी आहे का ते डॉक्टरला विचार, ती रात्री चालू असेल तर सकाळी करता येते का हे त्यांनाच ठरवू दे. संध्याकाळी पावलांना सूज असते का बघ. ते पाणी दिवसा पायात साठतं आणि आडवं झालं की वर येतं आणि लघवीवाटे निघतं, म्हणून चारच्या सुमाराला तासभर पाय उशीवर वर ठेवून बसवायचं. सूज असेल तर डॉक्टरांना पण दाखव. पाणी दिवसभर भरपूर, सातनंतर घोट-घोट. पाणी तोडायचं नाही, आपल्या उन्हाळ्यात वेगळीच आफत होईल.

हां, आणि नळाचं पाणी. आपल्याकडे ते रोज येत नाही, काही दिवसांआड येतं आणि कधी कधी रात्री येतं, मग मोटर, बॅरल, हंडे, सगळी गल्ली जागी. त्या रात्री मामांनी पण जागं राहिलं तर राहू दे. फक्त दुसऱ्या दिवशी भरपाई म्हणून सातला झोपवायचं नाही, पाचला उठायचं ते उठायचंच.

झोपायच्या तास-दीड तास आधी दहा मिनिटं कोमट-गरम पाण्यात पाय. यात जादू नाही, पाय गरम झाले की कातडीतल्या रक्तवाहिन्या उघडतात, अंगातली उष्णता बाहेर जाते, आतलं तापमान उतरतं, आणि ते उतरलं की झोप येते. मी परात घ्यायचे, तळाला जुना टॉवेल अंथरून, म्हणजे पाय घसरत नाही. पाणी चाळीस डिग्रीच्या आसपास, आपल्या कोपराला सोसवेल एवढंच, आणि पाणी तू तपासायचं, मामांनी नाही. शुगर असेल तर पावलांना चटका कळत नाही, फोड आल्यावर कळतं. पाय पुसताना बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या. आणि हे नातवाला करू दे कधीतरी. उन्हाळ्यात पायपाण्याऐवजी कोमट पाण्याने अंघोळ, आणि गच्ची असेल तर गच्चीवर, कठड्याची उंची बघून.

पत्रातली एक ओळ मात्र माझ्या डोक्यातून जाईना. सासूबाई जाऊन दहा महिने झाले, तेव्हापासून. तू ते वाक्य लिहून लगेच भांड्यांवर गेलीस. मागावरून रातपाळी करून आलेल्या माणसाला इतकी वर्षं कुणीतरी दार उघडलं असेल ना, जेवण गरम केलं असेल. मला काय वाटतं सांगू, तो दोनचा चहा म्हणजे निद्रानाश नसेलही सगळा. पाळी सुटल्यावर घरी येऊन बायकोबरोबर चहा प्यायची वेळ असेल ती. मला माहीत नाही, तू विचार. रात्री नाही, दुपारी शेंगा सोलताना विचार, "आत्या काय करायच्या हो तुम्ही रातपाळीवरून आल्यावर?" आणि मग गप्प बस. बोलतील किंवा नाही बोलणार. पहाटे लवकर जाग येणं हे मन खचल्याचं पण लक्षण असतं, तेव्हा जेवण तुटलंय, वजन उतरलंय, कशात रस नाही, "आता जगून काय करायचं" असं काही बोलतात, असं असेल तर ही वही-बिही बाजूला ठेव आणि सिव्हिलच्या मानसोपचार ओपीडीला ने. लाज वाटत असेल तर १४४१६ ला फोन कर, टेलिमानस म्हणून सरकारी हेल्पलाइन आहे, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलतात.

आणखी काही गोष्टी डॉक्टरकडेच जायच्या. जोरात घोरतात आणि मधेच श्वास थांबल्यासारखा होऊन दचकून परत चालू होतो. झोपेत ओरडतात, हात-लाथा मारतात, स्वप्नातलं भांडण गादीवर करतात. आडवं झालं की दम लागतो. रात्री पायात मुंग्या-वळवळ होते आणि हलवल्याशिवाय बरं वाटत नाही, यात कधी कधी अंगातलं लोह कमी असतं, रक्त तपासून कळतं. यातलं काही असेल तर वेळा बदलून भागणार नाही, त्याचा वेगळा इलाज आहे. घोरण्याचा तर मोबाईलवर व्हिडिओ काढून ने, डॉक्टरांना मामा "मी घोरत नाही" म्हणूनच सांगणार.

तुझ्या झोपेचं तू एक शब्द लिहिलं नाहीस. दोनला भांडी वाजली की तूच उठत असणार. मिस्टरांना सांग आठवड्यातल्या तीन रात्री त्यांच्या, तू आत मुलांजवळ दार लावून झोपायचं. वडील त्यांचे आहेत.

पंधरा दिवसांनी ते कालनिर्णयचं पान पाठव मला, फोटो काढून, वाकडं-तिकडं असलं तरी चालेल. आज एवढंच कर, जेवणं झाली, ओटा पुसून झाला, हात सवयीने गादीकडे जाईल, तर ती तशीच गुंडाळलेली राहू दे नऊपर्यंत, आणि मामांच्या पुढ्यात सोलायच्या शेंगा भरलेलं सूप ठेव.